अंतऱ्यातली सही : बंदिशकार श्रवणमालेच्या कामाच्या नोंदी

१४ मे २०२५, बुधवार

आमच्या मंडळाची यंदाची श्रवणमाला बंदिशकारांवर, म्हणजे ख्यालाच्या चिजा (रचना) बांधणाऱ्यांवर करायचं आज नक्की झालं. सांगली, वाचनालयाचा वरचा हॉल, महिन्यातून एक रविवार, संध्याकाळी पाच ते सात.

आजवर आपण गायकांवर सत्रं केली, मग रागांवर, एकदा घराण्यांवर. दर वेळी छापलेल्या यादीत चार रकाने असायचे: गायक, राग, ताल, वेळ. बंदिश कोणाची, हा रकाना कधी नव्हताच. भावगीताच्या यादीत कवी आणि संगीतकार दोघांची नावं न चुकता घालतो आपण. नाट्यपदाला चाल कोणाची यावरून तर भांडणं होतात. ख्यालाला मात्र 'पारंपरिक' म्हटलं की सुटलो. आणि हे पारंपरिक म्हणजे पुष्कळदा नावगाव असलेला, दरबारी पगार घेणारा, हेवेदावे केलेला माणूस असतो.

तबल्याचे सर म्हणाले, "लोक गाणं ऐकायला येतात, वंशावळ ऐकायला नाही." मान्य. दर सत्रात बोलणं सगळं मिळून वीस मिनिटं, बाकी ऐकणं. घड्याळ सरांच्या हातात.

१७ मे, शनिवार

आवडीच्या ध्वनिमुद्रणांच्या चिठ्ठ्या मागवल्या होत्या, त्या आज उघडल्या. अपेक्षेप्रमाणे सगळ्या गायकांच्या नावाने. मिरज शेजारी असल्यावर अब्दुल करीम खाँसाहेब असणारच: 'पिया बिन नाही आवत चैन' जवळपास प्रत्येक चिठ्ठीत. केसरबाईंचं 'जात कहाँ हो' बऱ्याच जणांनी लिहिलंय आणि प्रत्येकाने खाली हे गाणं अवकाशात घेऊन गेलेल्या व्हॉयेजर यानाचा उल्लेख केलाय. ठराव: या मालेत व्हॉयेजरची गोष्ट कुणीही सांगायची नाही. ती आता परग्रहावरच्या कुणी येऊन सांगितली तरच ऐकू.

२० मे, मंगळवार

निवडीची कसोटी ठरवली. ज्या ध्वनिमुद्रणात अंतरा, म्हणजे चिजेचा दुसरा भाग, शब्दांसकट ऐकू येतो, त्याला पहिली पसंती.

कारण साधं आहे. बंदिशकार आपली छाप, म्हणजे टोपणनाव, बहुधा अंतऱ्यात टाकतो. अस्ताईत, म्हणजे पहिल्या भागात, राग उभा राहतो, नायिकेचं गाऱ्हाणं मांडून होतं आणि मग अंतऱ्याच्या शेवटाकडे 'सदारंग', 'अदारंग', 'प्रेमपिया', 'प्राणपिया' असं कुणीतरी सही करून जातं. अंतरा गाळला की सही गेली.

आणि अंतरा फार गाळला जातो. मुखडा, म्हणजे चिजेची सुरुवातीची ओळ, धरून पाऊण तास आलापी करायची आणि अंतऱ्याच्या नावाने तार षड्जावर शब्दांशिवाय नुसत्या आकारात हिंडून खाली यायचं, हे किराणा घराण्यात रुळलेलंच आहे. त्यावरचा आक्षेपही तितकाच जुना आहे. अमीर खाँसाहेब विलंबितात बहुधा अंतरा घेत नसत. त्यांचं गाणं त्याने उणं होत नाही, पण बंदिश ज्याने बांधली तो माणूस मात्र तिथे हजर नसतो. आग्रा घराण्याचं उलट. अस्ताई-अंतरा नीट भरल्याशिवाय ते पुढे सरकणार नाहीत. त्यामुळे आमची यादी आपोआप आग्र्याकडे झुकायला लागली आहे. किराणाप्रेमी मंडळींनी कुरकुर सुरू केलीच.

एक गोष्ट अनपेक्षित निघाली. अंतरा हमखास सापडतो तो जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांत. तीन-सव्वातीन मिनिटं हातात, म्हणून गायक चीज आधी मांडून टाकतो, ताना मग उरलेल्या जागेत. लाँगप्लेच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली तसा अंतरा ऐच्छिक झाला. हे आमच्या कपाटातल्या संग्रहापुरतं म्हणते आहे. पण तीन मिनिटांत गाण्याचा जीव गेला असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो, त्यात बंदिशीचा तरी जीव वाचला होता.

२५ मे, रविवार

एसटीतून निवृत्त झालेल्या काकांच्या वडिलांची ट्रंक माळ्यावरून खाली काढली. नारायणराव व्यास, हिराबाई बडोदेकर, वझेबुवा, बालगंधर्व आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले फैयाज खाँ. पाकिटं कसरीने खाल्लेली, पण तबकड्या बऱ्याच धड. दोनांचे तुकडे झालेत. काकांना तेही टाकवत नाहीत.

काकांचा मुलगा उत्साहाने सॅनिटायझर आणि कापूस घेऊन आला होता. त्याच्या हातातून बाटली आधी काढून घेतली. ७८ ची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एका पुसण्यात खाचा बुजल्या असत्या. लाँगप्ले विनाइलची, तिचा स्वभाव वेगळा.

जे केलं ते असं: बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल, आडवा कधीच नाही. लेबलवर पाण्याचा शिंतोडा नको म्हणून त्यावर प्लॅस्टिकचं झाकण दाबून धरायचं. मग नुसत्या पाण्याने धुऊन, ताटं निथळायच्या जाळीत उभ्या करून सावलीत वाळवायच्या. उन्हात ठेवली तर तबकडी वाकते. पहिल्या तबकडीचं पाणी चहाच्या रंगाचं निघालं. काका म्हणाले, "ही आमच्या वाड्यातली धूळ आहे हो, वाडा पाडून जमाना झाला."

३१ मे, शनिवार

तबकड्यांवरून फाइली करायचं काम. मुद्दाम सविस्तर लिहून ठेवते, पुढे कुणाला करायचं झालं तर.

सुई: ७८ ची खाच लाँगप्लेच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद. लाँगप्लेची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि तळाचा सगळा कचरा ऐकू येतो. ७८ साठी साधारण तीन मिलची, म्हणजे इंचाच्या हजारांश भागांत तीन एवढ्या टोकाची सुई लागते. लाँगप्लेची पाऊण मिलच्या आसपास. वेगळी मागवली होती, ती आली. डावा-उजवा दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो केल्यावर खरखर बरीच खाली गेली. आणखी गाळणी लावायची नाही असं ठरवलंय. खरखर पार पुसायला गेलं की तंबोऱ्याची जवारी आणि सारंगीची धार त्याबरोबर जाते आणि गायक पाण्याखालून गातोय असं वाटतं.

वेग: खरी गंमत इथे. लेबलवर ७८ असलं तरी जुन्या तबकड्या नेमक्या ७८ ला कापलेल्या असतातच असं नाही. वेग सहा टक्क्यांनी बदलला की सूर अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीच्या एका पट्टीने बदलतो. म्हणजे ७८ ची तबकडी साडेत्र्याहत्तरला फिरवली तर काळी एकचा गायक पांढरी एकमध्ये गायला लागतो, आणि आवाजही जाडसर होतो. उलट वेग वाढवला तर पन्नाशीचे बुवा पंचविशीचे. तरुण आवाज म्हणून आपण ज्यांची वाहवा करतो त्यातले काही निव्वळ वेगाचे प्रताप असणार.

आज बालगंधर्वांच्या तबकडीवर काम करत बसलो. मागे ऑर्गन आहे. ऑर्गनच्या पट्ट्या पक्क्या, त्या गायकासाठी वर-खाली सरकत नाहीत. आमच्या पेटीशी ताडून पाहिलं तर षड्ज दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे पडत होता. वेग थोडा थोडा उतरवत ७६ च्या जवळ आणला, तेव्हा पेटीशी चपखल बसला. अर्थात त्या काळचा ऑर्गन आजच्या सुराला मिळवलेला असेलच असं नाही, त्यामुळे ७६ हा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. पण ऐकणाऱ्यांनी डोळे मिटून कौल दिला: ७८ वर तान घाईत पळत होती, ७६ वर ती चालायला लागली. फाइलच्या नावातच वेग लिहून ठेवला. मूळ ७८ ची फाइलही जपली आहे, उद्या कुणाचा कान वेगळं सांगू शकतो.

७ जून, शनिवार

शब्द तपासणी. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांचे सहाही भाग टेबलावर. गायकाच्या तोंडून ऐकू येणारे शब्द आणि क्रमिकात छापलेले शब्द यांत फरक नाही अशी चीज विरळा. आपण तबकडीत ऐकू येतं तेच फळ्यावर लिहायचं आणि क्रमिकातला पाठ खाली. कोणता बरोबर याचा निवाडा करत बसायचं नाही.

जाता जाता: स्वतः भातखंड्यांनीही 'चतुर' नावाने बंदिशी केल्या, त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी 'सुजान' नावाने. एका माणसाने इतरांच्या शेकडो चिजा जमवून छापल्या, पण त्याच्या स्वतःच्या चिजा एकाही चिठ्ठीत नाहीत. माझ्या चिठ्ठीतही नव्हत्या.

१५ जून, रविवार

कायद्याचं एकदाच लिहून ठेवते. आपल्याकडे ध्वनिमुद्रण प्रकाशित झालं त्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. म्हणजे १९६४ पर्यंत प्रकाशित झालेलं आता मोकळं. रचनेचा हक्क वेगळा, रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. फैयाज खाँ १९५० मध्ये गेले, त्यांच्या बंदिशी मोकळ्या झाल्या. जगन्नाथबुवा पुरोहित १९६८ मध्ये गेले, त्यांच्या अजून नाहीत. नफा न कमावणाऱ्या मंडळाच्या कार्यक्रमात तबकडी ऐकवायला कायद्यात मोकळीक आहे. पेनड्राइव्हवर भरून वाटायला नाही. म्हणून पेनड्राइव्ह मागू नये, अशी पाटी लावली. तरी मागणारच.

२९ जून, रविवार

६ जुलैला आषाढी, अर्धं मंडळ पंढरपुरात किंवा उपासाच्या तयारीत. पहिलं सत्र १३ ला.

१३ जुलै, रविवार. सत्र पहिलं : सदारंग-अदारंग

बाहेर पाऊस, म्हणून सुरुवात मियाँमल्हारने. 'करीम नाम तेरो' ही चीज समोर बसलेल्या प्रत्येकाच्या ओळखीची, अस्ताई तर निम्मी सभा गुणगुणते. आमच्यातल्या गाणाऱ्या ताईंनी आधी अस्ताई-अंतरा नुसता ठेक्यावर म्हणून दाखवला, आलाप-तान काही नाही. फळ्यावर शब्द होते: 'दुख दरिद्र दूर कीजे, सुख देहो सबन को, अदारंग बिनति करत'. अस्ताईत मायबाप सरकारची स्तुती, अंतऱ्यात मागणी, शेवटी अर्जदाराचं नाव. तहसील कचेरीतल्या अर्जाचा अगदी हाच मसुदा असतो. मागच्या रांगेतून, "खाली शिक्काही मारला असता," असं कुणीतरी म्हणालं.

मग भीमसेन जोशींचा मियाँमल्हार लावला. एरवी आपण या गाण्यात फक्त आवाजाचा तो पसारा ऐकतो. आज 'करीम' या शब्दावर आवाज कसा ठेवला जातो तिकडे लक्ष जात होतं, कारण पुढे काय मागायचंय ते आधीच माहीत होतं.

द्रुत म्हणून 'मोहम्मदशा रंगीले रे बलमा' घेतली. बंदिशीत बादशहाचं नाव, आणि तेही लाडाने. सदारंग म्हणजे नियामत खाँ, बीनकार, याच मोहम्मदशाच्या दरबारातले. बादशहाची कारकीर्द १७१९ ते १७४८. यांच्याच काळात १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात या माणसाला फारसे मार्क नाहीत. मल्हारात मात्र तो अजून बलमा आहे.

शेवटी बिहाग, 'कैसे सुख सोवे नींदरिया'. अंतऱ्यात सदारंग स्वतःच अकुलावतो: 'सोच सोच सदारंग अकुलावे'. इथे सही नुसती सही राहत नाही. ज्याला झोप येत नाही तो कोण, तर हा. ही जागा मला अख्ख्या सत्रात सगळ्यात आवडली आणि मी ती दोनदा ऐकवायला लावली. सरांनी घड्याळ दाखवलं.

१६ जुलै, बुधवार

सत्रावर बोलायला आजींकडे गेले. आजी मंडळातल्या सगळ्यात जुन्या, मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या सभा त्यांनी लहानपणापासून ऐकल्यात. म्हणाल्या, "अगं, तुझा तो फळा काढून टाक. करीम खाँसाहेबांचं 'पिया बिन' लागलं की शब्द 'पिया' आहे की 'दिया' आहे, कुणाला पडलीय? सूर लागला की झालं. बांधणारा बांधून गेला."

मी म्हटलं, बांधणाऱ्याने बांधलं म्हणून सुराला उभं राहायला जागा मिळाली. त्यावर त्यांनी मला लाडू दिला, म्हणजे विषय संपला.

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. अब्दुल करीम खाँच्या या झिंझोटी रागातल्या गाण्यात शब्द खरोखरच सुरात विरघळून जातात, आणि ते गाणं तसंच हवं. आमच्या कसोटीवर ते घासायला गेलं तर कसोटीच हास्यास्पद ठरते. तेव्हा 'पिया बिन' यादीत राहील, कोणत्याही सत्रात न बसता, मध्यंतराआधीचं गाणं म्हणून. आजींना सांगितलेलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार. सत्र दुसरं : पियांचं घर

आग्रा घराणं. मुख्य तबकडी काकांच्या ट्रंकेतली: फैयाज खाँ, जयजयवंती, 'मोरे मंदर अब लों नहीं आये'. बंदिश खाँसाहेबांची स्वतःची, नाव 'प्रेमपिया'. गायक आणि बंदिशकार एकच, आणि तो आपलीच चीज गातोय तोही जेमतेम तीन मिनिटांत. वेग ठरवायला वेळ लागला होता, कारण आवाज मुळातच इतका भरदार की थोडा खाली आला तरी खरा वाटतो, थोडा वर गेला तरी खरा वाटतो. शेवटी पेटीच्या पट्टीवर विसंबलो.

ऐकताना काय ऐकायचं ते आधी सांगितलं: 'मोरे'वरची पुकार दर आवर्तनात कशी बदलते. पहिल्यांदा तक्रार, मग विचारणा, मग जवळजवळ दटावणी. आलापीला वेळच नाही, म्हणून भाव सगळा बोल उच्चारण्यात. बडोद्याच्या दरबारातले गवई, 'आफताब-ए-मौसिकी' किताब मिळवलेले, आणि माणसाला एका शब्दावर इतकं काही करता येतं. काका तबकडीकडे बघत होते. त्यांनी ती वडिलांच्या फोनोवर शेवटची ऐकली तेव्हा, म्हणाले, पिन बोथट झाल्यामुळे अंतरा कधी नीट लागलाच नाही.

नंतर घराणं उलगडलं. फैयाज खाँचे सासरे मेहबूब खाँ अत्रौलीचे, ते 'दरसपिया'. विलायत हुसेन खाँ 'प्राणपिया'. अगदी आपल्या काळातले बबनराव हळदणकर 'रसपिया'. "इतके पिया आणि एकही घरी येत नाही," अशी कुणीतरी मल्लिनाथी केली. हसू आवरेना. पण मुद्दा खरा आहे: विरहिणीच्या तोंडून बोलणारे हे सगळे पुरुष. त्यासाठी नोव्हेंबरचं सत्र राखून ठेवलंय.

ललतातलं 'तरपत हूँ जैसे जल बिन मीन' वेळेअभावी राहिलं. सकाळचा राग संध्याकाळी नको, हे कारण काहींनी दिलं. खरं कारण घड्याळ.

२४ ऑगस्ट, रविवार

२७ ला गणपती. हॉल आरासवाल्यांकडे. काम बंद, मोदक सुरू.

१४ सप्टेंबर, रविवार. सत्र तिसरं : गुनिदास

जगन्नाथबुवा पुरोहित शिकले ते विलायत हुसेन खाँकडे. म्हणजे मागच्या सत्रातला 'प्राणपिया' आणि आजचा 'गुनिदास' गुरू-शिष्य. बुवांचे शिष्य माणिक वर्मा, राम मराठे, सी. आर. व्यास, जितेंद्र अभिषेकी. व्यासबुवा स्वतः पुढे 'गुणिजन' नावाने बंदिशी करायला लागले. नावातच गुरू ठेवला.

आज एकच राग, जोगकंस. बुवांनीच रूढ केलेला. पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, जोगाचे दोन्ही गंधार, उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात, चंद्रकंसाचा शुद्ध निषाद. विलंबित 'सुघर बर पाया', द्रुत 'पीर पराई जाने नहीं बालमवा'. दोन्ही बुवांच्याच. राग नवा आणि बंदिशीही त्याच हातच्या, त्यामुळे राग म्हणजे काय हे लोकांना या बंदिशींतूनच कळलं. आजही जोगकंस ओळखायचा झाला तर पुष्कळ जण मनात 'पीर पराई' म्हणून बघतात.

आधी माणिकताई. मंडळातल्या निम्म्या लोकांना माणिक वर्मा म्हणजे भावगीत. त्यांचा जोगकंस सुरू झाला तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, हीच का ती? 'पराई' या शब्दातला कोमल गंधार त्या इतका अलगद घेतात की दोन गंधारांचा राग आहे हे समजावून सांगायची गरज राहत नाही. मग अभिषेकीबुवा. तीच चीज, पण वजन वेगळं. बुवा समेवर येताना शब्द जरा मागे धरून ठेवतात आणि मग सोडतात. एकाच गुरूची दोन मुलं घरी एकच गोष्ट सांगतात तेव्हा कळतं, गोष्ट किती मोठी आहे.

तबल्याचे सर आज घड्याळ बघायला विसरले.

१२ ऑक्टोबर, रविवार. सत्र चौथं : ज्यांचा आवाज नाही

भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. पुण्यात भारत गायन समाज काढला, बालगंधर्व, मास्तर कृष्णराव, गोविंदराव टेंबे यांना घडवलं, पण त्यांच्या गाण्याची तबकडी नाही. अल्लादिया खाँ तर १९४६ पर्यंत होते, त्यांचीही नाही. मग ऐकवायचं काय?

ऐकवायच्या त्यांच्या चाली. 'स्वयंवर' १९१६ चं, पदं खाडिलकरांची, चाली भास्करबुवांच्या. बालगंधर्वांची 'मम आत्मा गमला' लावली. बिहाग. जुलैत सदारंगाचा बिहाग ऐकला होता, त्यामुळे राग कानात तयार होता. त्यात झोप न येणारा माणूस होता, इथे रुक्मिणी मन हरवून बसली आहे, आणि राग दोन्हीकडे तितकाच घरचा. दुसरं 'नाथ हा माझा', यमन.

७६ च्या वेगाची फाइल ती हीच. सभेला आधी ७८ ची ऐकवली, मग ७६ ची, काहीही न सांगता. दुसरीनंतर काका म्हणाले, "ही आमच्या घरची." त्यांच्या घरचा फोनो चावीचा, चावी उतरत आली की वेग मंदावायचा, त्यामुळे घरची आठवण बरोबर असली तरी कारण वेगळं असू शकतं. सांगितलं नाही.

आजच्या यादीत 'बंदिश कोणाची' या रकान्यात भास्करबुवा आणि 'गायक' या रकान्यात बालगंधर्व. नाटकवाल्यांनी हा हिशोब शंभर वर्षांपूर्वीच नीट ठेवला होता. जाहिरातीत, पुस्तकात, पदाच्या वर चालीचा उल्लेख. ख्यालवाल्यांनी तेवढं शिकायला हरकत नव्हती.

९ नोव्हेंबर, रविवार. सत्र पाचवं

प्रभाताई अत्रे आणि किशोरीताई आमोणकर. आधी प्रभाताई: मारुबिहागातली 'जागूँ मैं सारी रैना' आणि कलावतीतली 'तन मन धन'. मारुबिहाग आणि कलावती एकाच लाँगप्लेवर आले आणि घरोघरी पोचले. दोन्ही द्रुत चिजा प्रभाताईंच्या स्वतःच्या. आमच्या सभेत दोन्ही तोंडपाठ असलेल्या पुष्कळ निघाल्या, रचना त्यांची हे ठाऊक असलेल्या थोड्या. किराण्याच्या गायिका, म्हणून किराणाप्रेमी मंडळींची वर्षभराची कुरकुरही आज मिटली.

मग भूप, 'सहेला रे'. किशोरीताईंची रचना. इथे ना पिया घरी येत नाही, ना सौतन. सख्याला बोलावणं आहे, ये, मिळून गाऊ. पाच स्वरांत. ऑगस्टमध्ये पियांच्या घरावर हसलो होतो. त्या घरातल्या बंदिशी मी कमी लेखत नाही, 'मोरे मंदर' यावर्षीचं माझं सगळ्यात आवडतं गाणं आहे. पण बाईने स्वतः बांधलेल्या चिजेत बाई काय म्हणते, हे वेगळं ऐकायला मिळालं.

चर्चेत आजी म्हणाल्या, "हे बाईने बांधलंय हे नुसतं ऐकून कळलं का कुणाला? तुला सांगावं लागलं ना? मग?" कुणाकडे उत्तर नव्हतं. कलावतीची फाइल मात्र त्यांनी परत लावायला सांगितली, आणि अंतरा येईपर्यंत थांबा म्हणाल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

आवराआवर. सगळ्या फाइली नावानिशी लावल्या: गायक, राग, बंदिशकार, वेग, मूळ तबकडी कोणाच्या घरची. काकांच्या तबकड्या नव्या कागदी पाकिटांत घालून, उभ्या लावून वाचनालयाच्या कपाटात. आडव्या एकावर एक रचायच्या नाहीत, हे कपाटावर लिहून चिकटवलं. तुकडे झालेल्या दोन काकांनी घरी नेल्या.

उरलेली कामं: ललत आणि सकाळचे राग यांच्यासाठी एक सकाळचं सत्र. रामाश्रय झा 'रामरंग' आणि बडे गुलाम अली 'सबरंग' हे दोघे राहूनच गेले. कुमार गंधर्वांवर एक स्वतंत्र सत्र, ते एका संध्याकाळीत मावणार नाहीत.

तबल्याच्या सरांनी आज निघताना विषय काढला. पाच सत्रं बंदिशकारांची केलीत, तबल्याच्या बंदिशींचं काय? गती, कायदे, तुकडे, तेही कुणीतरी बांधलेच ना? हाजी विलायत अली खाँच्या गती आजही वाजतात, वाजवणारे बांधणाऱ्याचं नाव कान पकडून सांगतात, मग तुमच्या ख्यालवाल्यांपेक्षा आम्ही बरे की नाही? थिरकवा खाँसाहेबांचा एकल तबला त्यांच्याकडे टेपवर आहे म्हणे. वीस मिनिटं बोलायची मर्यादा त्यांना चालेल का, असं विचारलं. म्हणाले, "मला चाळीस लागतील."

२१ डिसेंबरला हॉल मोकळा आहे. सरांची टेप बुधवारी येतेय.